भरपगारी आई

सोमवारी शोरूम बंद असते, म्हणून या घरातली भांडणं सोमवारी होतात. बाकीचे दिवस गिऱ्हाइकं असतात, आणि गिऱ्हाइकांसमोर हे कुटुंब एकमेकांशी इतकं गोड वागतं की एक गादी घ्यायला आलेला माणूस भारावून दोन उशाही घेऊन जातो.

बैठक नेहमीप्रमाणे नमुन्याच्या पलंगांवर भरली. ऑफिसात खुर्च्या दोनच होत्या आणि दोन्ही आप्पांच्या थोरल्या मुलाच्या होत्या, एक बसायला आणि एक पाय ठेवायला. आप्पा खिडकीपाशी पाठदुखीवाल्यांसाठीच्या कडक गादीवर आडवे झाले. थोरला सगळ्यात मोठ्या डबल बेडच्या मधोमध मांडी घालून बसला आणि त्याची बायको त्याच बेडच्या कडेला, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत्याने, म्हणजे आप्पांच्या धाकट्या बहिणीने, कापसाची जुनी गादी धरली. फोमवर बसलो तर आपल्याला क्रेनने काढावं लागेल अशी तिला भीती होती. धाकटा आणि त्याची बायको दाराजवळ पाहुण्यांसाठीच्या घडीच्या गादीवर बसले. तिथे बसलं की गुडघे हनुवटीला लागतात आणि माणूस आपोआप अर्जदार दिसतो.

गाद्यांवरचं प्लास्टिक कधी काढत नसत. त्यामुळे कुणी नुसतं बूड हलवलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. आणि ज्याला बाजू बदलायची त्याने पलंग बदलायचा, ही या घराची रीत होती. गोदामाच्या वाटणीच्या वेळी आत्या एका दुपारात चार पलंग फिरली होती आणि शेवटी गोदामातला कोपरा स्वतःच्या नावावर करून घेऊनच उठली होती.

"बोल," थोरला धाकट्याच्या बायकोला, धाकटीला, म्हणाला. "काय ते एकदा आप्पांसमोर होऊन जाऊ दे."

धाकटीने सांगितलं. नवीन काही नव्हतं, पण या घरात आप्पांसमोर सांगितल्याशिवाय गोष्ट घडलेली धरत नाहीत. दत्तक घ्यायची मुलगी पाच वर्षांची. संस्था येत्या गुरुवारी तिला घरी पाठवायला तयार आहे. अट एकच, पहिले सहा महिने आईबापांपैकी एकाने पूर्णवेळ घरी थांबायचं, आणि नोकरीच्या ठिकाणाहून तसं रजेचं लेखी पत्र द्यायचं. आज संध्याकाळपर्यंत.

"नाहीतर?" आप्पांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाहीतर यादीतल्या पुढच्या जोडप्याला विचारणार. तिला आधी एका घरी नेलं होतं, आप्पा. ते दोघं सकाळी कामावर जायचे आणि हिला शेजाऱ्यांकडे ठेवायचे. ही जेवेना, बोलेना. महिन्याभरात परत आणून सोडलं. म्हणून संस्था आता ऐकायला तयार नाही."

"परत केलेली," थोरला म्हणाला. परत आलेल्या गादीबद्दल तो ज्या सुरात बोलायचा त्याच सुरात म्हणाला, आणि आपण फार मुद्द्याचं बोललो असं समजून सगळ्यांकडे पाहिलं.

धाकटीने ओठ घट्ट मिटले. आज भांडायचं नाही असं ती घरून ठरवून आली होती. ती या कंपनीत शिलाई विभाग सांभाळायची. घरातल्या सगळ्यांना कंपनीत पद होतं, पण जिच्या गैरहजेरीत खरोखर काम थांबेल अशी ती एकटीच. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि म्हणून तिला कुणी कधी ते सांगितलं नव्हतं.

"आता मी काही दुष्ट नाही," थोरला म्हणाला. या वाक्याने सुरू झालेलं त्याचं कुठलंही बोलणं चांगलं संपल्याचं कुणाला आठवत नाही. "पण आपल्याकडे रजा आहे ती बाळंतपणाची. बाळंतपण कुठे आहे? पोट नाही, टाके नाहीत, दूध नाही. मुलगी पाच वर्षांची. चालते, बोलते, हाताने जेवते. तिला शाळेत घालायचं की झालं. सहा महिने घरी बसून तू करणार काय?"

"तिला मी माझी वाटेपर्यंत तिच्याजवळ बसणार."

"त्याला पगार कशाला लागतो?"

"दादा, पगार कापताना मी नोकर असते. मागच्या महिन्यात दहा मिनिटं उशीर झाला तर तुम्ही माझा अर्धा दिवस कापलात, म्हणालात की नियम सगळ्यांना सारखा. आणि रजा मागितली की मी घरची. मी नक्की कोण आहे ते एकदा ठरवा, म्हणजे मलाही बरं."

आत्याच्या गादीवर कुरकुर झाली. तिला मजा वाटायला लागली होती. धाकटीवर तिचं विशेष प्रेम होतं असं नाही, पण थोरल्याला कुणी कोपऱ्यात घेतलं की तिला दुपारचा चहा जास्त गोड लागायचा.

"अरे, पण मी म्हणते, हिनेच का?" आत्याने धाकट्याकडे बोट केलं. "संस्था तर म्हणते, दोघांपैकी एक. हा घेऊ दे की रजा."

चौघांनी धाकट्याकडे पाहिलं आणि मग थोरला हसला. आप्पाही झोपेत हसले. धाकट्याने मोबाइलमध्ये मान घातली. विक्री विभाग त्याच्याकडे होता, आणि तो सहा महिने नसला तर विक्रीवर काय परिणाम होईल याची त्याला स्वतःलाच चिंता होती. काहीच झाला नाही तर काय, ही ती चिंता.

"चेष्टा पुरे," थोरला म्हणाला. "खरं कारण सांगतो. आज हिला दिली की उद्या ती काठवाली दारात उभी."

काठवाली म्हणजे गाद्यांच्या कडा शिवणारी बाई. तिची बहीण गेल्यावर बहिणीचं तान्हं मूल तिने रीतसर दत्तक घेतलं आणि मागच्या वर्षी रजा मागितली. थोरल्याने तिला रजेऐवजी एक छोटी गादी भेट दिली, कोपऱ्यात डाग पडलेली, त्यामुळे नाहीतरी विकली न जाणारी. त्याचा फोटोही काढून घेतला. फोटोत काठवाली गादी धरून उभी आहे आणि तिचा चेहरा गादीमागे आहे. तो फोटो शोरूममध्येच लावला होता, 'शांत झोप हा प्रत्येकाचा हक्क आहे' या पाटीच्या खाली.

"तिला द्यायलाच हवी होती," धाकटी म्हणाली.

"द्यायला काय लागतं? तुझं काय जातं? शिलाईला चाळीस बायका आहेत. उद्या प्रत्येकीला उचलून मूल आणावंसं वाटलं तर?"

"भरपगारी रजा मिळते म्हणून कुणी मूल आणत नाही हो, दादा. तुम्ही जुळी आणलीत, ती काय रजेसाठी?"

"आमची स्वतःची आहेत!"

धाकट्याने मोबाइल खाली ठेवला. तो काहीतरी बोलणार असं एक क्षण वाटलं, पण त्याला तशी सवय नव्हती आणि क्षण गेला.

बोलली ती आत्या. "का रे, आमचे वडील काय आभाळातून पडले होते? दत्तकच आले होते ना? तू प्रत्येक डीलरला ती गोष्ट सांगतोस, दोनदा ऐकवतोस. ते दत्तक आले म्हणून हे दुकान आपलं. नाहीतर तू आज दुसऱ्याच्या दुकानात गाद्या उचलत असतास."

"ती गोष्ट वेगळी. त्यांना दुकानाला वारस हवा होता."

"म्हणजे," धाकटी म्हणाली, आणि न भांडण्याचा निश्चय इथे संपला, "दुकानासाठी मूल आणलं तर ती घराण्याची परंपरा, आणि मुलासाठी मूल आणलं तर तो घराण्याचा खर्च!"

आत्या उठली. कापसाच्या गादीवरून उठायला तिला दोन प्रयत्न लागले, पण उठली, चपला न घालताच चालत गेली आणि धाकटीशेजारी घडीच्या गादीवर धपकन बसली. तिच्या वजनाने धाकटा जवळजवळ जमिनीला टेकला. बाजू एकाने वाढली.

आप्पा जागेच होते. गेली दहा वर्षं ते बैठकीत डोळे मिटून पडत असत, कारण झोपलेल्या म्हाताऱ्यासमोर माणसं खरं बोलतात हे त्यांना उशिरा कळलेलं शहाणपण होतं. वडिलांचं नाव निघाल्यावर मात्र त्यांना डोळे मिटून राहणं जड जायला लागलं. डीलरना सांगायच्या गोष्टीत वडील अकरा वर्षांचे दत्तक येतात आणि पुढच्याच वाक्यात दुकान वाढवतात. मधलं कुणी सांगत नाही. मधलं आप्पांनी पाहिलं होतं. ही सगळी इमारत ज्यांच्या नावावर होती ते वडील, साठी उलटल्यावरसुद्धा, स्वतःच्या दुकानात गल्ल्यामागच्या स्टुलावर बसायच्या आधी समोर जो कुणी असेल त्याला विचारायचे, "बसू का?" नोकराला विचारायचे. आप्पा लहान होते तेव्हा त्यांनाही विचारायचे. आप्पांना त्याची भयंकर लाज वाटायची. आता लाज कुणाची वाटायला हवी होती हे त्यांना कळत होतं, आणि विचारायला वडील नव्हते. ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करून पडले.

थोरल्याला त्या कुशीचा अर्थ कळला नाही, पण आवाज ऐकू आला, आणि हवा बदलते आहे हे व्यापारी माणसाला लगेच कळतं. त्याने सूर बदलला.

"हे बघ, आपण घरचे लोक. उगाच ताणायचं कशाला? तुला सहा महिने देतो. भरपगारी. आज पत्रही देतो. पण 'विशेष बाब' म्हणून. मालकांच्या घरची सून, खास केस. नियम वगैरे काही नाही. खाली शिलाईत कुणाला सांगायचं नाही. झालं?"

"घे, घे," धाकटा पुटपुटला. त्या दुपारचं त्याचं हे पहिलं बोलणं.

धाकटीच्या डोळ्यांपुढे काठवाली आली. ती रोज सकाळी हिच्याच टेबलासमोरून जायची आणि हसायची, हे सगळ्यात वाईट. मागच्या वर्षी याच धाकटीने तिला सांगितलं होतं की आपण दोघी मिळून लढू. तेव्हा ते सोपं होतं, तेव्हा तिची स्वतःची मुलगी कुठल्याही यादीत नव्हती. आता समोर गुरुवार होता. पुढचं जोडपं होतं. शिवाय एक मुलगी होती, जिने मागच्या भेटीत तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं आणि निघायची वेळ झाल्यावर आपणहून सोडून दिलं होतं, कुणी सांगायच्या आत. तिला ते सोडणं सहन झालं नव्हतं.

"चालेल," धाकटी म्हणाली. "विशेष बाब तर विशेष बाब."

म्हणताना तिला स्वतःची किळस आली, आणि तरी तिने ते परत घेतलं नाही. आत्याने तिच्याकडे चमकून पाहिलं. एवढ्यासाठी का मी उठून आले, असा तो चेहरा होता.

थोरल्याला विजय चढला. त्याने बायकोला कोपराने ढोसलं. "लिही. कर्मचारी विभागप्रमुख तू आहेस. तुझ्या सहीने गेलं की बरं दिसतं. बाईनेच बाईला दिलेलं."

थोरली कंपनीची कर्मचारी विभागप्रमुख होती. घरातल्या प्रत्येकाला पगार दाखवायचा तर प्रत्येकाला पद हवं, म्हणून हिशेबनीसाने बऱ्याच वर्षांपूर्वी ते तिला चिकटवलं होतं. महिन्यातून एकदा ती यायची, पर्समधून शिक्का काढायची, नवरा दाखवेल तिथे उमटवायची, सही करायची आणि परत जायची. ती सही इतकी सुंदर करायची की पाहणाऱ्याला वाटावं, बाई विचार करून करते आहे.

तिने कंपनीच्या नावाचा कागद मांडीवर घेतला. थोरला सांगू लागला. "लिही. संबंधित कर्मचाऱ्याला स्वतःचे मूल होऊ शकत नसल्याने..."

धाकटीची मान खाली गेली.

"...तिची मानसिक स्थिती लक्षात घेऊन, सहानुभूतीपूर्वक..."

"मानसिक स्थिती?" थोरली म्हणाली.

"असं लिहिलं की संस्थेला पटतं."

"संस्था म्हणेल, मानसिक स्थिती बरी नाही तर मूल कशाला द्यायचं?"

"तू लिही गं. डोकं चालवू नकोस. आणि एक घाल, की ही बाळंतपणाची रजा नव्हे. बाळंतपणाची गोष्टच वेगळी." तो आत्याकडे वळला. "हिला आपण पूर्ण सहा महिने दिले होते की नाही? भरपगारी. जुळ्यांच्या वेळी. आणि ते योग्यच होतं. बिचारी सहा महिने नुसती झोपून होती."

थोरलीचं पेन थांबलं.

ती कधी झोपली होती? एक निजायचा तर दुसरा उठायचा. दोघं निजायचे तर सासऱ्यांना चहा लागायचा. हा माणूस शोरूममधल्या सगळ्यात मऊ गादीवर, दुसऱ्या खोलीत, कारण सकाळी त्याला ताजंतवानं दिसावं लागायचं. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायची आणि पाण्याच्या आवाजात रडायची. बाहेर आली की सासरचे सगळे विचारायचे, झाला का आराम? आणि टाके तर पंधरवड्यात भरून आले होते. रजा टाक्यांसाठी नव्हतीच. त्या दोन अनोळखी किंचाळत्या जिवांची ओळख व्हायला ते सहा महिने लागले होते, पोटातून आलेले असूनसुद्धा. आणि हे त्या घडीच्या गादीवर बसलेल्या बाईला मूल यायच्या आधीच कळलं होतं. थोरलीला जावेचा हेवा वाटला, स्वतःची कीव आली, आणि या दोन्हींपेक्षा मोठा असा नवऱ्याचा संताप आला.

"अहो," ती म्हणाली, "विभागप्रमुख मी ना?"

"हो, तूच. लिही पटकन."

तिने तो कागद चुरगळला आणि दुसरा घेतला. बराच वेळ ती लिहीत राहिली. थोरला समाधानाने भिंतीवरचा फोटो पाहत होता. मग तिने सही केली, पर्स उघडली, शिक्का काढला, त्यावर फुंकर घातली आणि उमटवला. उठली. डबल बेडच्या प्लास्टिकचा केवढातरी आवाज झाला. कागद घेऊन ती दाराजवळ गेली, धाकटीसमोर उभी राहिली आणि मोठ्याने वाचू लागली.

"या कंपनीच्या कुठल्याही कर्मचाऱ्याच्या घरी मूल आलं, मग ते कसंही येवो आणि कितीही वयाचं येवो, तर त्या कर्मचाऱ्याला सहा महिने भरपगारी रजा मिळेल. हा नियम मागील वर्षापासून लागू समजावा. कर्मचारी विभागप्रमुख."

"मागील वर्षापासून?" थोरला ओरडला. "म्हणजे काठवाली!"

"म्हणजे काठवाली."

"फाड तो कागद! तुला कुणी अधिकार दिला?"

"तुम्हीच. आत्ताच म्हणालात की माझ्या सहीने बरं दिसतं." ती पहिल्यांदाच नवऱ्याकडे वरून पाहत होती, कारण तो अजून मांडी घालून बसलेला होता. "खरंच बरं दिसतंय."

"आप्पा! उठा. बघा ही काय करतेय."

आप्पा उठले. सावकाश, भिंतीला धरून. थोरला सरकला, त्यांना डबल बेडवर जागा केली. आप्पांनी त्या जागेकडे पाहिलं, पुढे गेले आणि दाराजवळच्या घडीच्या गादीशी थांबले. तिथे आता जागाच नव्हती. धाकट्याने उठून त्यांना जागा दिली आणि स्वतः जमिनीवर बसला.

"नियम राहील," आप्पा म्हणाले. "आणि त्यात 'कुठल्याही कर्मचाऱ्याच्या' असं लिहिलंय. म्हणजे हा पण आला."

"मी?" धाकटा म्हणाला.

"तू. ही सहा महिने थांबेल, मग तू थांब. विक्रीची काळजी करू नकोस, तुझ्यामुळे काही अडत नाही."

आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. थोरला एकटा त्या मोठ्या बेडवर उरला होता. पाच जणांची मोळी दाराजवळ आणि तो मधोमध. त्याने उशी ओढून मांडीवर घेतली आणि आवाज चढवून सांगितलं की कंपनी बुडाली तर त्याला विचारायला यायचं नाही. तो हे दर सोमवारी सांगायचा.

थोरलीने नियमाखाली धाकटीच्या रजेची एक ओळ घातली आणि धाकटीने कागदाचा फोटो काढून संस्थेला पाठवला. पहिला हलला म्हणून दोनदा काढावा लागला. थोड्या वेळाने फोन आला, आणि आत्याच्या हट्टाने तिने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"पत्र मिळालं," संस्थेच्या बाई म्हणाल्या. "फारच चांगलं झालं. गुरुवारी अकराला या. ही इथेच उभी आहे, मघापासून ऐकतेय. बोलता का?"

"द्या ना," धाकटी म्हणाली. "काय गं? कळलं का? मला रजा मिळाली."

पलीकडे फोन खरखरला, कानाशी नीट धरल्यासारखा.

"किती दिवसांची?" मुलीने विचारलं.

"सहा महिन्यांची!"

"मग सहा महिने झाले की मला परत सोडणार?"

दुपारपासून सगळी माणसं त्या सहा महिन्यांवरून एकमेकांचे कपडे फाडत होती, आणि ते कुणाचे सहा महिने हे एकालाही सुचलं नव्हतं. थोरलीने तोंडावर पदर धरला. थोरला उशीकडे पाहत राहिला.

"नाही गं," धाकटी म्हणाली. ती उघड रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "कुठेही सोडणार नाही. रजा संपली की मी कामावर जाणार. तू घरीच. आणि संध्याकाळी मी घरी येणार."

"रोज?"

"रोज."

मुलगी विचार करत होती. मागून संस्थेच्या बाई तिला काहीतरी सांगत होत्या, तिने त्यांना थांब म्हणून सांगितलं.

"मग मी दार उघडू का? तू आल्यावर?"

"हो," धाकटी म्हणाली. "दार तूच उघडायचं."